फाईल उघडेपर्यंत

आमच्या घरात विजेची बचत माझ्याकडे आहे आणि बाकी सगळं हिच्याकडे. ही वाटणी कुणी बसून केलेली नाही. लग्नानंतर ती होत गेली, आणि कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून मला ती रास्तच वाटत आली. घरातल्या प्रत्येक बटणाशेजारी माझ्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'गरज नसताना बंद करा.' पाहुणे आधी चिठ्ठी वाचतात आणि मग दिवा लावावा की नको अशा चेहऱ्याने अंधारात बसून राहतात. आमची मुलगी नोकरीसाठी लांब गेली तेव्हा निघताना म्हणाली, "बाबा, आता एक खोली कायमची बंद." मी ते कौतुक समजलो.

खोली बंद राहिली नाही. हिच्या कंपनीने त्याच वर्षी ऑफिसची जागा निम्मी केली आणि निम्म्या माणसांना घरून काम करायला सांगितलं. ही यंत्रं डिझाइन करते. औषधाच्या बाटल्या भरणारी, त्यांना लेबलं लावणारी, आणि सध्या झाकणं बसवणारी. तुम्ही खोकल्याचं औषध पहिल्यांदा उघडता तेव्हा झाकण हट्टाने अडून बसतं आणि मग 'कट' करून सुटतं, त्या हट्टामागे हिच्यासारखं कुणीतरी असतं. एका यंत्रात चार हजारांवर सुटे भाग. ते सगळे मुलीच्या खोलीत, मुलीने आर्किटेक्चर शिकताना घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर मांडून ही तीन वर्षं बसली होती.

मी कधीही डोकावलो तर ही काहीतरी दुसरंच करत असायची. कपड्यांच्या घड्या घाल, मटार सोल, कुंड्यांना पाणी घाल. मला वाटायचं, घरून काम म्हणजे चैन आहे.

मग हिचा वार्षिक अहवाल आला. नवे साहेब चौतीस वर्षांचे आहेत आणि मोजकं लिहितात. 'कामाचा दर्जा : उत्कृष्ट. वेग : अपेक्षेपेक्षा कमी.' हिने तो वाचला, बंद केला आणि माझ्या शर्टांच्या घड्या घालायला घेतल्या. जेवताना म्हणाली, "वय झालं रे आता."

"चोपन्न हे काय वय आहे?"

"यंत्राच्या मानाने खूप आहे," ती म्हणाली आणि मला भाजी वाढली.

दोन दिवसांनी मी पेन मागायला तिच्या खोलीत गेलो. ती गॅलरीत होती. पडद्यावर यंत्र अर्धवट वळून थिजलेलं होतं आणि कोपऱ्यात एक पत्र उघडं होतं. 'वयोमानानुसार माझा कामाचा वेग मंदावला असल्याने, हाती असलेलं काम जमेल तेवढं करून महिनाअखेरीस मी...' पुढे जागा कोरी होती. 'राजीनामा' हा शब्द तिच्या हातून उतरला नव्हता. महिना संपायला चोवीस दिवस होते.

अशा वेळी समंजस नवरा बायकोशी बोलतो. मी दुकानात गेलो.

शोरूम काचेचं होतं. विक्रेत्याने मला एका पेटीसमोर उभं केलं. तिच्या आतले पंखे सात रंगांत उजळत होते.

"गेमिंगसाठी का, सर?"

"झाकणांसाठी."

तो क्षणभरच अडखळला. "सोळा कोअर आहेत, सर. म्हणजे समजा आत सोळा मेंदू."

मी सोळा मेंदूंच्या समित्यांवर बसलेलो आहे. त्यातून काय निघतं ते मला ठाऊक आहे. मी विचारलं, "ते दिवे बंद करता येतात का?" तो म्हणाला, पूर्ण नाही. मी बाहेर पडलो.

कॉलेजमागच्या गल्लीत शिंपी आणि चष्मेवाला यांच्या मधे एक अरुंद दुकान आहे. तिथे कपाळावर भिंग चढवलेली पस्तिशीची एक बाई उघड्या पडलेल्या कॉम्प्युटरांमधे बसते. मी आमचं गाऱ्हाणं सांगितलं. तिने वर न बघता विचारलं, "दुखतं कुठे?"

"कुणाचं?"

"कॉम्प्युटरचं हो, काका. फाईल उघडताना दुखतं, यंत्र फिरवताना, की सेव्ह करताना?"

मला माहीत नव्हतं. ही काय काम करते ते मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. ते करते कसं, हे मी कधी बसून बघितलं नव्हतं.

"एक वही घ्या," ती म्हणाली. "आठवडाभर काकूंच्या शेजारी बसा. काय करायला सांगितलं, किती वेळ थांबावं लागलं, लिहा. आणि काकूंना स्वतःला विचार करायला किती वेळ लागला, तेही लिहा. आधी गोळी आणि मग तपासणी, हे समोरच्या शोरूममधे. माझ्याकडे नाही."

तेव्हापासून मी तिला डॉक्टरीणबाई म्हणतो. तोंडावर नाही.

कॉलेजात परीक्षेची सुट्टी होती. मी हिला सांगितलं की वेळेच्या वापरावर एक निबंध लिहितोय, त्यासाठी निरीक्षण करायचंय.

"तू? वेळेच्या वापरावर?" ती बराच वेळ हसली. मग खुर्ची सरकवून जागा करून दिली.

वहीतलं पहिलं पान असं आहे.

'१०.५८ : फाईल उघडायला सांगितली. ही उठली. माझ्या आईला फोन. ११.०९ : फाईल उघडली. "बरं आई, ठेवते हं, आलं माझं."

११.२० : मागची बाजू बघायला यंत्र फिरवलं. बत्तीस सेकंद. तेवढ्यात दोन शर्टांच्या घड्या (माझे).

११.४१ : बाटली पकडणाऱ्या चाकाचा एक दात अर्ध्या मिलिमीटरने कमी केला. हिचा विचार : चार सेकंद. कॉम्प्युटरचा विचार : सव्वादोन मिनिटं. कुंड्यांना पाणी.

१२.०५ : सेव्ह. सहा मिनिटं. भाजी चिरून झाली. मला चहा.'

माझी आई धाकट्या भावाकडे दुसऱ्या गावी असते. 'माझी सून मला रोज अकराच्या ठोक्याला फोन करते,' हे तिने तिथल्या सगळ्या इमारतीला सांगितलेलं आहे. मीही ते माया म्हणून धरून चाललो होतो. वहीत ते 'फाईल उघडताना' या सदरात पडलं. गुरुवारपर्यंत माझ्या लक्षात आलं की आमचं अख्खं घर या थांब्यांमधे चालतं. एखादा दिवस कॉम्प्युटर झटपट चालला असता तर मी उपाशी राहिलो असतो.

पण गुरुवारी आणखी एक गोष्ट दिसली, ती मी वहीत लिहिली नाही. ते चार सेकंद. ही डोळे अर्धे मिटते. डाव्या हाताच्या मधल्या बोटावर उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ठेवून नसलेलं झाकण फिरवते. एक फेरा, पाऊण फेरा, थांबते. मग डोळे उघडून आकडा लिहिते. आठवडाभरात मी असे एकशे बारा आकडे पाहिले. त्यातला एकही तिला बदलावा लागला नाही. अठ्ठावीस वर्षं संसार केलेल्या बाईकडे मी शनिवारपर्यंत टक लावून बघत बसलो होतो.

"निबंध होतोय ना?" तिने विचारलं.

"होतोय," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी ही दाढ दाखवायला गेली आणि ठरल्याप्रमाणे डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. "मेमरी अपुरी आहे, म्हणून उघडायला वेळ. चित्र दाखवणारं कार्ड गेमचं आहे, या सॉफ्टवेअरशी त्याचं पटत नाही, म्हणून फिरवताना अडखळतं. पण दात अर्धा मिलिमीटर हलवायला सव्वादोन मिनिटं? इतकं काही हे मठ्ठ नाहीये." त्यांनी पडद्यावर कसलीशी खिडकी उघडली, मग तिच्या आत दुसरी.

"काका, प्रोसेसर निम्म्या ताकदीवर बांधून ठेवलाय. 'वीज बचत'. वर पन्नास टक्क्यांची मर्यादा घातलीय. हे आपोआप होत नाही. कुणीतरी आत जाऊन, शोधून, हाताने घालावं लागतं. कुणी घातलं?"

मला आठवलं. तीन वर्षांपूर्वीचा रविवार. ही नुकती या खोलीत बसायला लागली होती आणि कॉम्प्युटर आता दिवसभर चालणार या विचाराने मी अस्वस्थ होतो.

"व्हायरस असेल," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या बटणांकडे बघितलं. तिथली चिठ्ठी वाचली. हातातल्या वहीकडे बघितलं. पुन्हा चिठ्ठीकडे.

"व्हायरसचं अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या.

मी चिठ्ठीकडे पाठ केली.

"हे काढलं तर अकरा मिनिटांची सात होतील," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "तरी चार हजार भाग याला झेपायचे नाहीत, नवीन लागणारच. तेव्हा पाप निम्मं तुमचं आणि निम्मं वयाचं."

"कुणाच्या वयाचं?"

"कॉम्प्युटरच्या हो! काकूंचं वय यात येतंय कुठे? तुमच्याच वहीत आहे की. चार सेकंद, पाच सेकंद, चार सेकंद." त्यांनी पिशवी उचलली. "इथे क्लिक करायचं, इथे शंभर लिहायचं. पण मी नाही लिहिणार. आधी काकूंना सांगा, मग तुम्हीच लिहा. आज नाही सांगितलंत तर उद्या मी फोन करते."

ही आली ती गालाला रुमाल लावून. इंजेक्शनने निम्मं तोंड बधिर होतं आणि तासभर बोलायला मनाई होती. कबुलीजबाबाला याहून चांगला मुहूर्त मला मिळाला नसता.

"आपण तुझ्यासाठी नवा कॉम्प्युटर घेऊ," मी सुरुवात केली.

तिने माझ्या हातातली वही ओढून घेतली आणि लिहिलं : 'कशाला? महिनाअखेर सोडते आहे.'

"माहीत आहे. मी पत्र बघितलं."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पकडली गेल्यासारखं. मग लिहिलं : 'होत नाही आता पूर्वीसारखं.'

मी वहीची पानं उलटली आणि दोन रकाने दाखवले. ही : चार सेकंद. कॉम्प्युटर : दोन मिनिटं. ही : तीन सेकंद. कॉम्प्युटर : सहा मिनिटं. "बेरीज केली आहे मी. आठवडाभरात एकोणीस तास तू त्याची वाट बघितलीस. त्याने तुझी दहा मिनिटंही बघितली नाही." मी वर्गात पंचेचाळीस मिनिटं सलग बोलतो, इथे पुढचं वाक्य निघायला फार वेळ लागला. "आणि त्यातला बराच वेळ माझ्यामुळे. तीन वर्षांपूर्वी मी त्याच्यात वीज बचत लावली. निम्म्या ताकदीवर. आणि विसरलो."

तिने वहीवर टेकलेली पेन्सिल बाजूला ठेवली.

मग ती उठली. भिंतीजवळ गेली आणि बटणाशेजारची चिठ्ठी सोडवायला लागली. हळूहळू, चारही कोपरे न फाडता; तिला कुठलंच काम ओबडधोबड करता येत नाही. चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर आली आणि ती माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवली. तळहाताने दाबून नीट बसवली. 'गरज नसताना बंद करा.'

त्यानंतर तिचे खांदे हलायला लागले. निम्मं तोंड बधिर असलेल्या माणसाचं हसू आणि रडू बाहेरून सारखंच दिसतं. थोड्या वेळाने तिने वही घेतली आणि एकच ओळ लिहिली.

'मला वाटलं, मीच.'

मी आत गेलो, क्लिक केलं आणि शंभर लिहिलं.

नवा कॉम्प्युटर निवडायला आम्ही दोघं गल्लीतल्या दुकानात गेलो. दोघं कसले, मी नुसता बरोबर होतो. डॉक्टरीणबाई मला जे दहा मिनिटं समजावत होत्या ते हिला एका वाक्यात कळलं.

"हे सॉफ्टवेअर भाग एकामागून एक बांधतं. आधी भोक, मग बोल्ट. सोळा कोअर दिले तरी हात एकच लावतो आणि पंधरा उभे राहून बघतात."

"आमच्या चाकासारखंच की," ही म्हणाली. "आत बाटली एकच येते. मागे रांग कितीही असू दे, चाक पळालं पाहिजे."

"बरोब्बर! तेव्हा कोअर थोडे, पण चपळ. मेमरी भरपूर. कार्ड या सॉफ्टवेअरशी जमवून घेणारं. दिवे नकोत ना?"

"मला चालतील," ही माझ्याकडे बघत म्हणाली. "यांना विचारा."

यंत्र काळं, बिनदिव्यांचं आलं. डॉक्टरीणबाईंनी ते जोडलं आणि मग खऱ्या वादाला तोंड फुटलं.

"काकू, प्रत्येक बोल्टावर आटे कोरलेत तुम्ही? खरेखुरे? नऊशे बोल्टांवर?"

"मग? आट्यांशिवाय बोल्ट धरेल कशाला?"

"इथे पडद्यावर कुणाला काय धरायचंय? दिसण्यापुरते ठेवा ना. प्रत्येक आट्याचं गणित करत बसतंय बिचारं."

"म्हणजे खोटे?"

"खोटे नाही हो. झाकलेले. कारखान्याला बोल्टाचा नंबर दिला की आटे घेऊनच येतो तो."

ही अडून बसली. मी मधे पडणार होतो, पण खिशावरची चिठ्ठी आठवली. शेवटी आठशे अठ्ठ्याण्णव बोल्टांचे आटे झाकायचे आणि झाकण पिळणाऱ्या डोक्यावरच्या दोन बोल्टांचे खरे ठेवायचे, यावर तह झाला. "त्या दोघांवर सगळा भार आहे," ही म्हणाली, "त्यांच्याशी खोटं नको."

मग तिने फाईल उघडायला सांगितली आणि सवयीने उठली. फोन उचलून दारापर्यंत गेली असेल नसेल, मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, उघडली."

चाळीस सेकंद. ही फोन हातात धरून दारात उभी राहिली. स्टेशनवर सोडायला जावं आणि गाडी आधीच निघून गेलेली असावी, तसं काहीतरी चेहऱ्यावर होतं.

पुढच्या चार दिवसांत यंत्र पळालं आणि घर बसलं. चहा आला नाही. घड्या पडल्या नाहीत. कुंड्या मान टाकून बसल्या. सुदैवाने वहीत माझ्या नव्या कामांची यादी वेळेसकट तयार होती. शर्टाची बाही आधी दुमडायची की कॉलर, हे मी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी शिकलो.

पाचव्या दिवशी आईचा मला फोन आला.

"काय रे, तिचं माझ्याशी काही बिनसलंय का?"

"म्हणजे?"

"म्हणजे रागावलीय का? चार दिवस झाले, फोन नाही. मी पावणेअकरापासून खुर्ची घेऊन बसते. धाकटी म्हणते, तुम्हीच लावा. मी कशी लावू? तिचं काम असतं."

"रागावली नाही गं. नवा कॉम्प्युटर आलाय. फाईल लगेच उघडते आता."

"बरं मग?"

अर्थशास्त्रात याला उत्तर नाही.

"जुना काय वाईट होता?" आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी हिला सांगितलं. तिने माउसवरचा हात काढला. "मी फाईल उघडेपर्यंतच बोलायचे, असं सांगितलंस त्यांना?"

"नाही. सांगू?"

"सांगून तर बघ!" मग म्हणाली, "परवा लावणार होते रे. फोन हातात घेतला आणि समोर सगळं यंत्र उघडं. म्हटलं एवढा एक दात करू. मग एवढा एक. आईंशी बोलताना मला समोर काहीतरी बंद असलेलं लागतं."

दुपारी मी माळ्यावर टाकलेला जुना कॉम्प्युटर खाली काढला, पुसला आणि जेवणाच्या टेबलाच्या टोकाला जोडून दिला. दुसऱ्या दिवशी अकराला दोन मिनिटं कमी असताना ही तिकडून उठून इकडे आली, त्याच्यावर फाईल उघडायला सांगितली आणि फोन लावला. मला आईचा आवाज टेबलापलीकडे ऐकू आला. शब्द कळले नाहीत, पण तो एका सेकंदात दहा वर्षांनी तरुण झाला होता.

फोन झाल्यावर हिने मला हाक मारली.

"अरे, ते तुझं वीज बचतवालं याच्यात परत लाव."

"काय?"

"पन्नास होतं ना? पन्नासच कर. सात मिनिटं पुरत नाहीत. सात मिनिटांत आईंचं गुडघेदुखीपर्यंतच येतं. खरं बोलणं त्याच्यानंतर सुरू होतं."

मी त्याच्या सेटिंगांत आत गेलो आणि दुसऱ्यांदा हाताने पन्नास लिहिलं. मागे वळलो तर ही माझ्या खिशाकडे बघून हसत होती. आता तोंड बधिर नव्हतं, त्यामुळे शंका राहिली नाही.

झाकणाचं यंत्र महिनाअखेरच्या नऊ दिवस आधी झालं. पत्र तिने पाठवलं, जरा सुधारून. 'वयोमानानुसार' हा शब्द तसाच ठेवला. वयोमानानुसार घरून काम करणाऱ्या आपल्या पाच जणांच्या कॉम्प्युटरांचा वेग मंदावला आहे, तो अहवालात माणसांच्या नावावर पडतो आहे, सोबत एका घराच्या निरीक्षणाची पानं जोडली आहेत, असं ते झालं. साहेबांचं मोजकं उत्तर आलं : 'वही कुणाची? त्यांना उरलेल्या चौघांकडेही पाठवता येईल का?' एकूण आता मला मागणी आहे.

सुट्टीच्या दिवशी अकराच्या सुमाराला मीही टेबलाशी बसतो, शर्टांचा ढीग घेऊन. आज ११.०९ ला फाईल उघडली. चार हजार भागांचं यंत्र पडद्यावर पूर्ण उभं राहिलं. तिकडे आई काहीतरी सांगत होती आणि ही डोळे अर्धे मिटून, बोटावर नसलेलं झाकण फिरवत ऐकत होती. तिचं पडद्याकडे लक्ष नव्हतं.

मी हातातली घडी बाजूला ठेवली, हात लांब करून फाईल बंद केली आणि पुन्हा उघडायला सांगितली.